सातव्या अध्यायातली लेक

सोमवारी दिवेलागणीला आमच्या घरात पोथी वाचली जायची. पाट मांडायचा, पाटावर चिमूटभर भंडारा, एक उदबत्ती. उदबत्ती विझेपर्यंत एक अध्याय. पोथी अकरा अध्यायांची, लाल फडक्यात बांधलेली. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हरिबांनी, गावच्या जत्रेत घेतलेली. आमच्या कुळाचा देव सिद्ध, मेंढरं राखणारा, त्याच्या कथा तिच्यात आहेत. आधी माझी नणंद सृष्टी वाचायची, पण एसटी चुकायची असल्यासारखी वाचते, असं आत्यांचं म्हणणं. मी लग्न होऊन गावात आले आणि पहिल्याच सोमवारी पोथी माझ्या मांडीवर आली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, तानाबाई. मंगळवेढ्याच्या पुढं आमचं गाव आहे, तिथं मामा अजून मेंढरं राखतात. रेवाच्या वेळी मला दिवस गेले तशा आत्या पोथी घेऊन सोलापुरात आमच्याकडे राहायला आल्या, सात रस्त्याच्या मागच्या दोन खोल्यांत. सृष्टी आधीपासूनच शिकायला आमच्यापाशी होती. माझा नवरा शिवराज दुचाकीच्या वर्कशॉपमध्ये कामाला आहे, सकाळी डबा घेऊन जातो तो सातला परत.

आत्यांना अक्षर ओळखू येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेली ओवी दुसऱ्यांदा त्या माझ्याआधी म्हणायच्या. दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखणारी बाई. तिला दोन ओळी लक्षात ठेवणं काय अवघड. मी एखादा शब्द खाल्ला की डोळे मिटूनच हात वर करायच्या, की थांब, मागं जा.

आणि मी करमाळ्याची. आई अंगणवाडीत, घरात पुस्तकं दोनच, पण शाळेच्या कपाटाची किल्ली बाईंनी माझ्याकडे दिली होती. दहावीपर्यंत ते कपाट मी दोनदा वाचून काढलं. मी जग आधी वाचलं आणि मग पाहिलं, असं म्हटलं तरी चालेल. सासू कशी असते, शहर कसं असतं, नवऱ्याचा राग कसा चढतो आणि उतरतो, सगळं मला आधीच ठाऊक होतं. त्यातलं बरंच खोटं निघालं, तरी ती सवय गेली नाही. इथंही मी वाचनालय लावलं होतं. रेवाला दूध पाजताना एका हातात पुस्तक असायचं.

एकदा अशीच कादंबरी वाचताना मला रडू आलं. आत्यांनी विचारलं, ही बाई कुठली? म्हटलं, कुठलीच नाही, लिहिणाऱ्यानं रचलीय. आत्यांनी हातातला लसूण खाली ठेवला. घडलंच नाही आणि छापलं? आणि तू त्यावर रडतेस? त्यांना माझी कीव आली आणि लिहिणाऱ्याचा राग. पोथीचं तसं नव्हतं. पोथीत आहे म्हणजे घडलेलं आहे, आणि ज्यानं घडलेलं ऐकलं त्यानं तसं वागायचं. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं.

रेवा चार महिन्यांची असताना तिचं पोट फुगायचं. संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन निळी पडेपर्यंत रडायची. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, ते लागू पडायला दोन-तीन दिवस लागतील म्हणाले होते. तिसऱ्या दिवशी आत्यांनी गॅस पेटवला आणि गोधडी शिवायची लांब सुई चिमट्यात धरली. पोटावर चार डाग, बेंबीच्या चार बाजूंना. कोकराला देतात, लेकराला देतात. मी शिवराजकडे पाहिलं. त्यानं शर्ट वर केला आणि स्वतःच्या पोटावरचे चार पांढरे ठिपके दाखवले, की मला काय झालं? त्याला त्यात काही वाईट करतोय असं वाटतच नव्हतं. तेच मला जास्त भीतीचं वाटलं.

सोमवार होता. मी म्हटलं, आत्या, आधी अध्याय होऊ द्या. त्यांनी गॅस बारीक केला. सुई तिथंच, कट्ट्यावर. मी रेवाला छातीशी बांधून पाटासमोर बसले. तिसरा अध्याय होता, सिद्ध कोकरं राखतो तो. वाचता वाचता एका ओवीच्या शेवटी, पानावर बोट तसंच ठेवून, मी म्हटलं,

*लेकराच्या अंगा लाविती जे आग,*
*सिद्धाचेच अंग भाजताती.*

ती ओवी पानावर नव्हती. ती कुठून आली मला सांगता येणार नाही. इतकी वर्षं अशा चालीचं वाचलं होतं, ते वेळेला तोंडात आलं. आत्यांनी हात वर केला. मी मागं जाऊन ती पुन्हा म्हटली. त्या उठल्या, गॅस बंद केला आणि पुन्हा येऊन बसल्या. पुढचं त्यांनी ऐकलं की नाही, कोण जाणे.

सकाळी रेवाचं पोट मऊ होतं. औषध लागू पडलं होतं. आत्या भाकरी थापत होत्या, माझ्याकडे पाठ होती.

"चार लेकरांस्नी दिला की गं मी," त्या म्हणाल्या. "शिवराजच्या वरचं ऱ्हायलं न्हाय. डाग दिल्यावर दोन दिसांनी गेलं. मला कुणी वाचून दावलं न्हाय."

मी रेवाला घेऊन उभी होते. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर सुई पुन्हा तापली असती, आणि माझ्या हातात माझं लेकरू होतं. त्या सोमवारपासून आत्या उपास धरू लागल्या. तीस वर्षांपूर्वी देवाला भाजल्याचा उपास. मी त्यांना साबुदाणा भिजवून द्यायची आणि मान वर करायची नाही.

सृष्टीला मात्र कळलं होतं. तिनं ती पोथी सहा वर्षं वाचलेली. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "वहिनी, तिसऱ्या अध्यायात ही ओवी आधी नव्हती की. नवी आवृत्ती आलीय का?" आणि माझ्याकडे बघून असं हसली, की मलाही हसू आलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच मोकळी हसले.

त्यानंतर मी आणखी दोन-तीन वेळा केलं. बारीकसारीक. बाळंतिणीनं दूध-अंडं खावं, असं सिद्धाच्या तोंडी घातलं. सून दुपारी तासभर टेकली तर घराचं भलं होतं, असंही. सृष्टी उशीत तोंड खुपसून हसायची. हे सोपं होतं आणि मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करते.

मग जूनमध्ये सृष्टीसाठी जोतिरामचं स्थळ आलं. गावाकडचाच, बोअरच्या गाडीवर काम करणारा, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. माणूस वाईट नव्हता. पण सृष्टीनं बारावी केली होती, नर्सिंगची परीक्षा दिली होती आणि यादी लागायची होती. ऑगस्टमध्ये तिला अठरा पूर्ण होणार होती, तेवढ्यासाठीच सगळे थांबले होते. मामांनी फोनवरच शब्द दिला. शिवराज म्हणाला, ते वडील आहेत, त्यांच्यापुढं मी काय बोलू? आत्यांना मुलीचं शिकणं नको होतं असं नाही, पण पुरुषांनी शब्द दिल्यावर बाईनं काय करायचं असतं, हे त्यांना कोणत्याच पोथीत सापडलं नव्हतं.

सृष्टी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन बसली आणि रेवाच्या पायाची बोटं मोजत म्हणाली, "वहिनी, सिद्धाला सांग की."

मी लिहायला बसले. रेवा दुपारी झोपली की पाऊण तास मिळायचा, कधी वीस मिनिटं. जुन्या वहीच्या पानावर, एका आठवड्यात, मी एक आख्खी कथा रचली. सातव्या अध्यायाच्या शेवटी घालायची. एका धनगराची लेक असते, तिला सिद्ध स्वतः मेंढरांची औषधं शिकवत असतो. बाप तिला न विचारता तिची सुपारी फोडतो. सिद्ध रागानं मेंढरांचा वाडा सोडून जातो. तिसऱ्या दिवशी मेंढरं पडायला लागतात. इथपर्यंत मी विचार करून लिहिलं. पुढं लेकीचं काय होतं, हे मात्र मी ठरवलं नव्हतं. हात आपोआप चालत गेला. मी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत अशा मुलीचं जे होतं तेच झालं. ती विहिरीकडे गेली.

*लेक चालू लागे विहिरीची वाट,*
*पाण्यामध्ये पाट मांडियेला.*

लिहून झाल्यावर मी ते स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हटलं. चांगलं जमलं होतं. माझे डोळे भरून आले, आणि मला वाटलं, आत्यांचेही भरतील. शेवट असाच असतो, याबद्दल मला शंकाच आली नाही. इतकी पुस्तकं वाचून मला त्या मुलीसाठी दुसरी जागा सुचली नाही.

सातवा अध्याय आला त्या सोमवारी मी कथा पाठ म्हटली, बोट पानावर. आत्या रडल्या नाहीत. अंग आवळून बसल्या. पुन्हा वाच म्हणाल्या, मी वाचली. मग त्यांनी स्वतः म्हटली, सगळ्याच्या सगळी, एकही शब्द न चुकता, आणि त्यांच्या आवाजात ती माझी राहिली नाही. शंभर वर्षं जुनी वाटली. कोपऱ्यात बसलेल्या सृष्टीकडे मी पाहिलं. ती हसत नव्हती.

आत्यांनी गावाला फोन लावला. मामा म्हणाले, पोथी बायकांनी ऐकायची असते, शब्द पुरुषांनी पाळायचा असतो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, सृष्टीला अठरा पूर्ण झाल्या झाल्या, तिकडं गावात पाच माणसांसमोर सुपारी फुटली. सृष्टी इथं होती. तिला नेलंही नव्हतं. लग्न तुळशीच्या लग्नानंतर, तारीख पुढं धरायची.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली होती. कडवळ, म्हणजे जनावरांना चारायला पेरलेली ज्वारी, वीतभर उगवून तशीच सुकत चालली होती. सुपारीनंतर चौथ्या दिवशी फोन आला. एकोणीस मेंढरं दुपारपर्यंत पडली. गुरांच्या डॉक्टरांनी येऊन सांगितलं, पाण्याचा ताण बसलेलं कोवळं कडवळ विषारी होतं, ते खाल्लं की मेंढरू तासाभरात जातं. मामांनाही ते माहीत होतं. नजर चुकवून कळप शेतात शिरला होता.

मी आत्यांना म्हटलं, आत्या, चौथा दिवस आहे, तिसरा नाही. त्यांनी बोटांवर मोजलं. सुपारीचा दिवस सोडला. तिसरा आला.

त्यानंतर त्या शांत झाल्या. भांडल्या नाहीत, गावाला पुन्हा फोन केला नाही. त्यांनी सृष्टीचं करायला सुरुवात केली. रोज तिचे केस विंचरायच्या, तेल जिरवायच्या. तिला आवडते म्हणून शेंगाची पोळी केली, सण नसताना. पाणी आलं की तिला हौदापाशी जाऊ द्यायच्या नाहीत, बादल्या स्वतः भरायच्या. रात्री झोपताना आपल्या पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधायच्या. सृष्टी आधी चिडली, मग घाबरली. मला म्हणाली, वहिनी, आई माझ्याकडं असं बघते, जणू मी निघालेय कुठंतरी. मी म्हटलं, होईल हळूहळू नीट. मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

मधे चार दिवस त्या गावाला जाऊन आल्या. तिथं बायकांना त्यांनी कथा सांगितली. बायकांनी पाठ केली. परत आल्यावर त्यांनी पेटी उघडून आपले मनगटात घालायचे चांदीचे गोट काढले आणि रेवाच्या उशाशी ठेवले.

दुपार होती. आम्ही दोघी डाळ निवडत होतो.

"म्या विहीर बघून आले," आत्या म्हणाल्या. "पानी हाय. पोथीत लेक गेली. लेकीच्या जागी आय गेली तर सिद्ध न्हाय म्हनायचा न्हाय. त्येला बी आय हाय की."

त्यांनी हे असं सांगितलं, जसं उद्या दळण टाकायचंय म्हणून सांगावं. अमावास्या सहा दिवसांवर होती. अमावास्येला जाईन म्हणाल्या.

माझ्या हातातलं ताट सांडलं. मी तिथंच त्यांचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. तिसऱ्या अध्यायातली ओवी, दूध-अंडं, दुपारचं टेकणं आणि ही कथा. मी रचली आत्या, मी. घडलेलं नाही. अशी मुलगी नव्हती, अशी विहीर नव्हती. मी पोथी आणली, पान उघडलं, बोट ठेवलं आणि खरं काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. त्यांनी पानाकडे नीट पाहिलं.

"त्या दिशी बी हितंच बोट हुतं तुजं," त्या म्हणाल्या.

मी वहीचं पान आणलं, माझ्या अक्षरातलं, खाडाखोड केलेलं. त्या म्हणाल्या, पोथीतनं उतरवून घेतलंस, बरं केलंस. सृष्टीनं वाचून दाखवलं. सात वाजता शिवराज आला, हातपाय न धुता त्यानं सातवा अध्याय पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.  त्यानं पोथी फडक्यात बांधून वर ठेवली आणि बाहेर जाऊन गाडीवर बसून राहिला. त्या दिवसापासून तो माझ्याशी लागेल तेवढंच बोलतो.

आत्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"तुमी समदी शिकल्याली," त्या म्हणाल्या. "म्हातारी मरू नये म्हनून एक झालाय. मला काय कळत न्हाय व्हय? लई गुणाची हायस तू, सुकन्या. पर देवाची पोथी खोटी म्हनू नगंस."

मी त्यांना वाचवण्यासाठी खोटं बोलतेय, असं त्यांना वाटत होतं. आणि जेव्हा मी खरंच खोटं बोलले होते, तेव्हा त्यांनी गॅस बंद केला होता.

युक्ती सृष्टीला सुचली. ती आईपुढं जाऊन बसली आणि म्हणाली, आई, तू आमच्यावर विश्वास ठेवू नको. तूच वाच. सातवा अध्याय तू स्वतः वाच आणि मग तुला जायचं तिथं जा. तोवर सिद्धसुद्धा थांबेल, त्याच्याच पोथीसाठी थांबायचंय.  आत्या म्हणाल्या, किती दिस लागत्याल? सृष्टी म्हणाली, तुझ्यावर आहे.

अमावास्या गेली.

मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मोठी अक्षरं काढायची. पहिलं *स* शिकवलं, सिद्धाचं. मला वाटलं होतं वर्ष लागेल. पण आत्या अक्षरांकडे मेंढरांसारख्या बघायच्या. हे कान पाडून उभं आहे, हे पोटुशी आहे, ह्याचा एक पाय आखूड. *प* आणि *ष* सख्ख्या बहिणी, एकीच्या पोटावर खूण. *ड* आणि *ङ* मध्ये घोटाळा झाला तेव्हा म्हणाल्या, जुळी हाईत, टिकलीवरनं वळखायचं. दीडशे तोंडं ज्यांनी लक्षात ठेवली त्यांना पन्नास जड गेली नाहीत. रेवा त्यांच्या मांडीवर बसून कॅलेंडरवर थापट्या मारायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, काय सुखाचं घर आहे.

पण मी रोज त्यांना एकेक अक्षर त्या पानाकडे नेत होते, आणि तिथं पोचल्यावर काय होणार, ते मला ठाऊक नव्हतं. कथा तिथं नाही हे दिसेल, त्या जगतील, एवढंच मी मनाशी घोकत राहायची. दसऱ्याला त्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागल्या. सात रस्त्याला रिक्षात बसल्या बसल्या 'चप्पल', 'औषधे', 'येथे गाडी लावू नये' मोठ्यानं वाचायच्या आणि माझ्या कोपराला ढोसायच्या. त्यांच्या तोंडावरचा तो आनंद बघवत नव्हता. सृष्टीची यादी लागली, नाव आलं. तिनं ते फक्त मला सांगितलं.

दिवाळीच्या आधीच्या सोमवारी त्यांनी सातवा अध्याय उघडला. पाट मी मांडला, उदबत्ती सृष्टीनं लावली. बोट ठेवून, एकेक अक्षर फोडून, आत्या वाचू लागल्या. उदबत्ती विझली, दुसरी लावली. शेवटच्या ओवीवर आल्या, ती वाचली. खाली आठवा अध्याय सुरू होत होता. त्यांनी तो मथळा वाचला. मागचं पान उलटलं, पुढचं उलटलं. मग तिसरा अध्याय काढला आणि सगळा वाचला, बराच वेळ लागला. भाजलेल्या देवाची ओवी तिथं नव्हती.

त्यांनी पोथी मिटली.

"मग बाकीचं कुणी लिवलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बाकीचं कोणतं?

"ह्ये समदं. तुज्यावानी कुनीतरी बसूनच लिवलं असंल की."

 त्यांनी भंडारा कपाळाला लावला नाही. पाट उचलून भिंतीला टेकवून ठेवला. विहिरीचा विषय तिथंच संपला, त्या वाचल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, कसल्याही रागाशिवाय, त्या म्हणाल्या की सिद्धानं तर न्हाय म्हटल्यालं न्हाय. मग लगीन थांबवायचं कशाला? मामांना फोन करून तारीख धरायला सांगते.

सृष्टी दारात उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते जास्त लागलं.

मी म्हटलं, "आत्या, मी नाही म्हणते. सिद्ध नव्हे, मी. तिला विचारल्याशिवाय तारीख धरू नका."

आयुष्यात पहिल्यांदा मी ते माझ्या तोंडानं म्हटलं होतं. आत्यांनी कप खाली ठेवला. "मग तितं जाऊन म्हन," त्या म्हणाल्या. "समद्यांच्या म्होरं."

तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी जोतिरामची माणसं तारीख धरायला येणार होती. आम्ही सकाळच्या एसटीनं गेलो, आत्या, सृष्टी, मी आणि रेवा. शिवराज आला नाही. वस्तीवर बाजा टाकल्या होत्या, सात-आठ माणसं, बायका आडोशाला. जोतिरामची आजी बजाबाई मात्र पुरुषांत बसली होती, गुडघे वर घेऊन. मामा मला बघून हसले, नातीला घ्यायला हात पुढं केले. मी रेवाला आत्यांकडे दिलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, की सृष्टीला हे लग्न करायचं नाही, तिला कॉलेजात जागा मिळालीय, तिला विचारा. सृष्टी पुढं आली आणि म्हणाली, व्हय, मला न्हाय करायचं. तिचा आवाज स्वच्छ होता. त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा सगळं करीन.

मामांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. त्यांनी विचारलं, त्या पोथीतल्या कथेचंच हे सगळं आहे का? आख्ख्या गावाच्या तोंडी ती कथा होती. मी म्हटलं, मामा, पोथीत कथा नाही. ती मी रचली. आत्यांनी स्वतः वाचून बघितलंय.

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणाल्या, व्हय, म्या वाचलं. न्हाय पोथीत.

मला वाटलं, सुटलो. खरं बोलून झालं, आता फक्त राग येईल, आणि राग ओसरतो. कुणीतरी हसलंसुद्धा, की सून लई हुशार निघाली हरिबाची. बजाबाई हसली नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"पोथीत न्हवतं," ती सावकाश म्हणाली. "मग मेंढरं कशानं पडली?"

मामा म्हणाले, कडवळानं, डॉक्टरनं सांगितलंय. बजाबाई म्हणाली, कडवळ दरसाल असतंय, ह्याच साली बरं लागलं? आणि सुपारी फुटल्यावरच?

"देव बोलला असता तर देवाचं म्हनलं असतं," ती म्हणाली. "देव बोलला न्हाय. ही बोलली. बोलली आन् पडली."

 आडोशाच्या बायकांपैकी एकीनं आपलं लेकरू पदराखाली घेतलं, मी पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि समोरची दोन माणसं किंचित मागं सरकली. तेव्हा मी तोंड मिटलं. काय सांगणार होते? की मी वाचलेलं होतं म्हणून तसं लिहिलं? की अशा गोष्टींत मेंढरं पडतातच?

बजाबाई उठली. असल्या सुनेच्या घरची पोर आमास्नी नगं, म्हणाली. तिच्यामागं बाकीचे उठले. चहा तसाच राहिला. सुपारी मोडली. मामा वाड्याकडे तोंड करून बसले, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि जा असंही म्हणाले नाहीत.

सृष्टी सुटली. गुरुवारी तिला कॉलेजात हजर व्हायचं आहे. एसटीत ती खिडकीपाशी बसून मला काय काय न्यायचं ते सांगत होती, दोन पांढरे ड्रेस, वह्या, कुलूप. मध्येच थांबून तिनं माझा हात हातात घेतला आणि घट्ट दाबला. तिच्या हाताला घाम होता.

आत्या पुढच्या बाकावर होत्या. रेवा त्यांच्या मांडीवर झोपली होती, तोंड उघडं, एक हात लोंबत. मंगळवेढा मागं पडल्यावर ती कुरकुरली. तिच्या दुधाची वेळ झाली होती, माझ्या अंगालाच ते कळत होतं. मी पुढं वाकून हात केले.

आत्यांनी वळून पाहिलं. त्या डोळ्यांत राग नव्हता. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, फक्त तोंडाकडे, अक्षर ओळखताना बघायच्या तसं. मग पदर ओढून रेवाचं डोकं झाकलं, तिला छातीशी जवळ घेतलं आणि समोर रस्त्याकडे बघत बसल्या.

"निजू दे," त्या म्हणाल्या. "मी घेते तिला."